अठ्ठेचाळीस किलोंचं 'नाही'

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी ऑफिसमधला कोणीतरी चहाच्या टपरीवर मला बाजूला घेतो आणि विचारतो, "रॉटवायलर घ्यायचाय, तुझ्याकडे आहे ना? कसा असतो रे?" मी म्हणतो, "हट्टी असतो." की समोरचा एकदम खूश! "हां, मला तसाच पाहिजे. लॅब्रॅडॉर म्हणजे कोणाच्याही मागे शेपूट हलवत जाणार."

म्हणजे हट्टीपणा हवा, पण तो चोरासमोर, अनोळखी माणसासमोर, फार तर सासुरवाडीच्या लोकांसमोर. स्वतःसमोर मात्र त्या जनावराने "येस सर" म्हणत बसावं, असं त्याने गृहीतच धरलेलं असतं. क्लायंटकडून अशा परस्परविरोधी रिक्वायरमेंट्स आल्या तर आपण चार मीटिंगा लावतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र फोटो बघून थेट ॲडव्हान्स देऊन मोकळे.

तर मंडळी, आजचा लेख या सगळ्यांसाठी. पुढच्या वेळी निदान चहा तरी गार व्हायचा नाही :-)

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दगडू राहतो. जात रॉटवायलर, वय सहा वर्षं, वजन अठ्ठेचाळीस किलो. (नाव बायकोने ठेवलं. पिल्लू असताना तो बसला की हलायचा नाही, म्हणून.) सहा वर्षं त्याच्याबरोबर काढल्यावर माझं मत एका वाक्यात सांगायचं तर असं की, त्याचा हट्ट मोडायच्या भानगडीत पडू नये, आणि ज्याला तो मोडल्याशिवाय चैन पडणार नाही त्याने हा कुत्रा घेऊच नये. बाकीचा लेख म्हणजे या वाक्याची रिलीज नोट समजा.

आधी हा हट्ट येतो कुठून ते बघू. दक्षिण जर्मनीत नेकार नदीकाठी रॉटवाइल नावाचं जुनं गाव आहे. तिथल्या खाटकांचे हे कुत्रे. गुरांचा कळप बाजारापर्यंत हाकत न्यायचा, मालाची गाडी ओढायची, राखण करायची, ही त्यांची कामं. आता विचार करा, पाचशे किलोचा बैल रस्त्यात आडवा उभा आहे, मालक शंभर पावलं मागे आहे. अशा वेळी मालकाच्या हुकुमाची वाट बघत बसणारा कुत्रा काय कामाचा? त्याने स्वतः ठरवायचं, खांदा लावून बैलाला ढकलायचं, लाथ बसली तरी माघार घ्यायची नाही. कित्येक पिढ्या अशाच कुत्र्यांची निवड होत गेली. पुढे रेल्वे आली, गुरं पायी नेणं बंद पडलं, कुत्र्यांची नोकरी गेली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांनी त्यांना उचललं. पण फर्मवेअर तेच राहिलं. दगडू आजही सोफ्यावर जागा हवी असली की भुंकत नाही, खांदा लावतो. त्या क्षणी मी बैल असतो.

म्हणून हा बग नाही, फीचर आहे. ते आपल्या पूर्वजांसारख्याच कोणीतरी मुद्दाम बसवलंय.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल, "छे, जातीबितीचं काही नसतं, कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो." हे वाक्य टी-शर्टवर छान दिसतं. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास आला. त्यात दिसलं की एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो. टी-शर्टवाल्यांना आनंद झाला. पण त्याच अभ्यासात हेही होतं की माणसाच्या सूचनेला प्रतिसाद देण्याची वृत्ती, म्हणजे सोप्या भाषेत 'ऐकण्याची' वृत्ती, ही जातीशी इतर गुणांपेक्षा जास्त बांधलेली आहे. रॉटवायलर चावराच निघेल हे जातीवरून सांगता येत नाही. पण तो तुमचं म्हणणं ऐकून, त्यावर दोन सेकंद विचार करून, मग निर्णय देईल अशी तयारी ठेवलेली बरी. ते दोन सेकंद फार मोठे असतात हो!

आणि नेमकं या दोन सेकंदांत लोकांचा अहंकार दुखावतो. मग कोणीतरी सल्ला देतो, "त्याला दाखव बॉस कोण आहे ते. अल्फा बन. उलटा पाड आणि धरून ठेव." हा अल्फा प्रकार मला आपल्या जुन्या कोडबेसमधल्या त्या फंक्शनसारखा वाटतो, जे ज्याने लिहिलं त्यानेच नंतर "वापरू नका" अशी कॉमेंट टाकली, तरी सगळे ते कॉल करतच आहेत. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. ते लांडगे एका पिंजऱ्यात कोंडलेले होते. त्यावरून नेता, अनुयायी, सत्तासंघर्ष वगैरे कल्पना निघाल्या. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने त्या घरोघरी पोचल्या. याच मेक यांनी पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समीर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहिले आणि १९९९ साली स्वच्छ लिहिलं की रानातला कळप म्हणजे मुळात एक कुटुंब असतं, आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे 'अल्फा' म्हणणं म्हणजे आपल्या घरात आई-बाबांना अल्फा म्हणण्यासारखं आहे. आणि हे सगळं लांडग्यांचं झालं, कुत्रा तर त्याहून वेगळाच.

बरं, तत्त्वज्ञान सोडा, परिणाम बघा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली कुत्र्यांच्या मालकांना ते काय काय करतात आणि त्यावर कुत्रा काय करतो ते विचारलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यातल्या ४३ टक्के कुत्र्यांनी उलट आक्रमकपणा दाखवला. उलटं पाडून धरणाऱ्यांच्या बाबतीत ३१ टक्के. ते मालक त्या दवाखान्यात वागण्याच्या तक्रारी घेऊनच आलेले होते, त्यामुळे हे आकडे सगळ्या कुत्र्यांना लावू नका. पण ज्याचा कुत्रा आधीच त्रासदायक आहे त्यालाच तर हा सल्ला दिला जातो ना! अठ्ठेचाळीस किलोच्या कुत्र्याशी कुस्ती खेळून तुम्ही पहिल्यांदा जिंकाल, दुसऱ्यांदा जिंकाल. तिसऱ्यांदा त्याचे दात तुमच्यापेक्षा बरे आहेत हे त्याच्या लक्षात येईल.

आता माझ्या आईची गोष्ट. आईचं वजन दगडूपेक्षा कमी. तिने कुत्र्यांवरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, तिला क्लिकर म्हणजे काय ते माहीत नाही, आणि दगडू घरी आला तेव्हा "हे ध्यान माझ्या स्वयंपाकघरात आलेलं चालणार नाही" एवढंच तिने जाहीर केलं. दगडू आजतागायत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. दारात बसतो, पंजे बरोबर लादीच्या रेघेवर, अर्धा इंच पुढे नाही. तिने कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. तिचं 'नाही' फक्त रोज तेच होतं. सोमवारी नाही, गणपतीत नाही, पाहुणे आले तरी नाही, तो गोड दिसत होता तेव्हाही नाही. आणि पोळ्या संपल्या की शेवटची छोटी पोळी त्याची, उंबऱ्याबाहेर, हेही रोज तेच. हट्टी प्राण्याला एवढंच हवं असतं. नियम कुठे आहे ते त्याला पुनःपुन्हा तपासून बघायचं असतं आणि तो दर वेळी तिथेच सापडला की तो शांत होतो. आमच्या टेस्टर लोकांचा स्वभाव असाच आहे.

याउलट आमच्या बाबांचं 'नाही' म्हणजे वाटाघाटीचं आमंत्रण. दगडू त्यांच्यासमोर बसून अर्धा अर्धा तास वाटाघाटी करतो आणि जिंकतो.

पिल्लू आणताना सगळ्यात महत्त्वाचं काय, असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, कॅल्क्युलेटर. आठ आठवड्यांचं पिल्लू पाच-सहा किलोचं असतं. (आपल्याकडच्या २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकताच येत नाही. कोणी पाच आठवड्यांचं देत असेल तर तिथून निघा.) ते उडी मारून तुमच्या गुडघ्याला बिलगतं तेव्हा जीव विरघळतो. आता त्याला आठने गुणा. हीच उडी, हाच उत्साह, समोर शेजारच्या आजी, हातात भाजीची पिशवी. पाच किलोला जे चालतं आणि पन्नास किलोला चालणार नाही, ते पहिल्या दिवसापासून चालू द्यायचं नाही. पट्टा ओढणं, हात चावत खेळणं, दार उघडलं की आधी घुसणं, सगळं यात आलं. छोट्या जातीत हे सगळं माफ असतं. पॉमेरेनियन ओढून ओढून किती ओढणार?

हाडांबद्दल थोडं, कारण इथे घरोघरी प्रेमाने घोळ होतो. पिल्लू मोठ्या जातीचं, म्हणून त्याला जास्त कॅल्शियम, असा सरळ हिशोब करून लोक बाटल्या आणतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर अभ्यास झाले, त्यात उलटंच दिसलं. जास्तीचं कॅल्शियम पोटातून शोषलं जाणं वाढत्या पिल्लाला नीट आवरता येत नाही आणि हाडांच्या वाढीतच बिघाड होतो. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं संतुलित खाणं देत असाल तर वरून काही घालायची गरज नसते, आपल्या व्हेटने तपासून सांगितलं तरच. पिल्लू गुबगुबीत दिसावं हा हट्टही सोडा. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. मग नातेवाईक म्हणतील, "खायला घालत नाही का रे?" म्हणू द्या.

आणि आपल्या फ्लॅटमधल्या त्या गुळगुळीत टाइल्स! माणसाला चकचकीत, कुत्र्याला बर्फ. वाढत्या वयात कंबरेचे सांधे आधीच नाजूक, त्यात रोज घसरगुंडी. आमच्या हॉलमध्ये रबरी मॅट आणि सतरंज्यांचं असं काही जाळं पसरलेलं आहे की पाहुण्यांना वाटतं कीर्तन आहे. असो.

पिल्लूपणातला खरा कठीण प्रश्न वेगळाच आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ साली दाखवून दिलं की पिल्लाचं मन जगाला सहज स्वीकारतं तो काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा. पिल्लू तुमच्या घरी येतं आठव्या आठवड्यात. लसी पूर्ण होतात सोळाव्याच्या आसपास, आणि आपल्याकडे पार्व्हो म्हणजे थट्टा नाही. मग बरेच लोक पिल्लाला चार महिने घरात कोंडतात आणि खिडकी बंद झाल्यावर त्याला जग दाखवायला काढतात. लॅब्रॅडॉर त्यातूनही बऱ्याचदा निभावून जातो. राखणीचा स्वभाव असलेला कुत्रा मात्र ज्या ज्या गोष्टी लहानपणी पाहिल्या नाहीत त्या त्या संशयास्पद ठरवतो. यावर उपाय म्हणजे उचलून नेणं. जमिनीवर पंजा टेकवायचा नाही, पण कडेवर घेऊन सगळीकडे. आम्ही दोघं आळीपाळीने दगडूला कडेवर घेऊन चौकातल्या बाकावर बसायचो. रिक्षा, हेल्मेटवाले, बुरखेवाल्या बायका, काठी टेकत चालणारे आजोबा, बँड, शाळेची सुटलेली पोरं. प्रत्येक नव्या गोष्टीला चण्याएवढा पनीरचा तुकडा. तो आज ढोलताशाच्या पथकासमोर जांभई देतो त्याचं श्रेय त्या बाकाला.

यानंतर येतं ते पौगंड. आठ महिने ते दीड वर्ष. चार महिन्यांचं असताना 'बस' म्हणताच बसणारं पिल्लू तुमच्याकडे असं बघतं, जणू तुम्ही मल्याळममध्ये बोलताय. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली गाइड डॉगच्या पिल्लांवर हे तपासलं. आठव्या महिन्यात पिल्लं आपल्याच पालकाचं ऐकेनाशी झाली, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती! पोरगी क्लासच्या सरांचं ऐकते आणि घरी दार आपटते, तसंच. आणि तसंच ते बहुतेक वेळा निवळतंही. पण मोठ्या जातीचे कुत्रे घराबाहेर काढले जातात ते बऱ्याचदा याच वयात. तोवर वजन पस्तीस-चाळीस किलो झालेलं असतं, गोडवा गेलेला असतो, आणि 'बॉस कोण' सांगणारे सल्लागार जमलेले असतात. मग फार्महाऊसवर साखळी, नाहीतर "चांगल्या घरी द्यायचा आहे" असा मेसेज. जो कुत्रा द्यायचा आहे तो नेहमी चौदा-पंधरा महिन्यांचाच कसा असतो, याचा विचार करून बघा.

याच काळात तो गुरगुरायलाही शिकतो, आणि इथे एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवायची. गुरगुरल्याबद्दल शिक्षा करायची नाही. गुरगुर हा एरर मेसेज आहे. मेसेज दाबून टाकला म्हणजे बग गेला असं नव्हे, आता तो न सांगता क्रॅश होईल एवढंच. "कधी गुरगुरला नाही हो, एकदम चावला" या वाक्यामागे पुष्कळदा असा दाबलेला मेसेज असतो. (रॉटवायलर लाडात आला की घशातून एक घरघर काढतो, ती वेगळी. आमच्या वॉचमनना ती ओळखायला दोन वर्षं लागली. आता ते स्वतःच त्याचा गळा खाजवून ती वाजवून घेतात.)

आता सोसायटीचा विषय. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र काढून तेवीस जातींच्या आयात, पैदास आणि विक्रीवर बंदी घालायला सांगितलं, त्यात रॉटवायलरही होता. ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांची नसबंदी करा असंही होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, कारण संबंधितांशी नीट सल्लामसलत झालेली नव्हती. तेव्हा माझ्या ओळखीचे सगळे श्वानप्रेमी पेढे वाटायच्या बेतात होते. मी नव्हतो. जातीवर बंदी घालणं मला चुकीचं वाटतं, कारण मग लोक यादीत नसलेली चोविसावी जात आणतील आणि तिचीही तीच वाट लावतील. पण बंदी नको म्हणणाऱ्याने "मग काय हवं" तेही सांगायला पाहिजे. मला विचाराल तर चाळीस किलोंवरचा कुत्रा घेणाऱ्या माणसाचीच परीक्षा व्हावी, स्कूटरच्या लायसन्ससारखी. पुणे महापालिकेचा परवाना लागतो, तो मी काढलेला आहे, पण तो कुत्र्याचा. माझी परीक्षा कोणीच घेतली नाही.

आमच्या मजल्यावर एक सात वर्षांची मुलगी आहे. ती दगडूला घाबरते. त्याने तिला काही केलेलं नाही, ती फक्त घाबरते, आणि तिला तो हक्क आहे. "काही करत नाही हो" हे वाक्य मी आमच्या घरात बंद करून टाकलंय. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तो कागद माझ्याकडे आहे, तो ड्रॉवरमध्ये आहे, आणि आजवर मी तो कोणाला दाखवलेला नाही. ती मुलगी लिफ्टमध्ये असली तर आम्ही थांबतो. गर्दीच्या ठिकाणी दगडू तोंडाला जाळीची टोपली घालतो, ज्यातून त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. पिल्लू असल्यापासून त्या टोपलीत दही चाटायला देऊन सवय लावलेली आहे, त्यामुळे टोपली दिसली की तो स्वतःच तोंड घालतो. लोक म्हणतात, "अरेरे, बिचारा." मी हेल्मेट घालतो तेव्हा मला कोणी बिचारा म्हणत नाही.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा. पैशांचा तर आहेच. मोठ्या कुत्र्याचं औषधही वजनावर असतं, भूलही वजनावर. पण ज्यांना हा लेख लिहितोय त्यांच्यासाठी त्याहून मोठा खर्च कॅलेंडरचा आहे. पुण्याच्या एप्रिलमध्ये काळ्या कुत्र्याला साडेपाचच्या आत फिरवून आणावं लागतं, मग आदल्या रात्री अमेरिकेबरोबर कॉल असो नसो. ही जात साधारण नऊ-दहा वर्षं जगते, त्यातली सहा आमची गेली. उरलेली मला घरात हवी आहेत. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी म्युनिकच्या प्रोजेक्टसाठी माझं नाव पुढे आलं होतं, दीड वर्षाचं ऑनसाइट. गंमत बघा, रॉटवायलरच्या स्वतःच्या देशात, बव्हेरियात, तज्ज्ञाकडून स्वभाव तपासून दाखला घेतल्याशिवाय तो ठेवता येत नाही. तो दाखला दगडूला मिळालाही असता. पण विमानाच्या पोटातला प्रवास, नवं घर, आणि उंबऱ्यावर शेवटची पोळी देणारी आई तिथे नाही. त्याला इथे ठेवून जायचं तर बाबा त्याच्याशी दीड वर्ष वाटाघाटी करणार.

मी नाही म्हटलं. मॅनेजरने कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी भत्ता वाढवून घेऊन आला.